बेळगोळची मराठी ओळ : गाव, गुहा आणि तट यांच्या संदर्भात

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत श्रवणबेळगोळ हे गाव बहुधा एका परिच्छेदापुरतेच येते. गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेली ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ दिली जाते, तिच्याशेजारी शके ९०५ हा काळ नोंदवला जातो आणि पुढच्या पानावर विवेचन थेट मुकुंदराजांकडे वळते. या प्रवासात ज्या दगडावर ती ओळ आहे तो दगड, ज्या टेकडीवर तो दगड आहे ती टेकडी आणि त्या ओळीच्या सोबतीने असलेल्या अन्य भाषांतील ओळी हे सारे मागे राहते. ‘मराठीतील पहिले वाक्य’ या बिरुदाचा मोह अभ्यासकांना इतका पडला, की ते वाक्य कोणासाठी लिहिले गेले असावे हा प्रश्न दुय्यम ठरला. तुलनात्मक साहित्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रश्न मात्र तोच आहे, आणि त्याचे उत्तर छापील संहितेपेक्षा स्थळाच्या रचनेत अधिक सापडते.

बेळगोळ आज हासन जिल्ह्यातील चन्नरायपट्टण तालुक्यात मोडते. पूर्वी ते म्हैसूर संस्थानात होते. ‘बिळि’ म्हणजे पांढरे आणि ‘कोळ’ म्हणजे तळे, अशी या नावाची फोड केली जाते. संस्कृत लेखांत याच गावाला धवलसरोवर म्हटले आहे, म्हणजे गावाच्या नावाचाही अनुवाद होत होता. ‘श्रवण’ हे पद ‘श्रमण’ शब्दाचे रूप असून त्यामुळे हे बेळगोळ त्याच नावाच्या अन्य गावांपासून वेगळे ओळखता येते. गावाच्या मध्यभागी तळे आणि त्याच्या दोन अंगांना दोन टेकड्या आहेत. उत्तरेकडची लहान ती चिक्कबेट्ट ऊर्फ चंद्रगिरी, दक्षिणेकडची मोठी ती दोड्डबेट्ट ऊर्फ विंध्यगिरी. समुद्रसपाटीपासून पहिलीची उंची ३०५२ फूट, तर दुसरीची ३३४७ फूट. गावातही होयसळकालीन मंदिरे आहेत. ११५९ मध्ये राजाचा भांडारी हुळ्ळ याने बांधविलेली भंडारी बसदी व ११८१ मधील अक्कन बसदी ही त्यांतील प्रमुख होत. भंडारी बसदीतच विजयनगरच्या बुक्करायाचा १३६८ मधील, जैन आणि वैष्णव यांच्यात समेट घडवून आणणारा प्रसिद्ध लेख आहे.

लेखांच्या दृष्टीने हे गाव एक विस्तीर्ण ग्रंथालयच आहे. लुईस राइस यांनी १८८९ मध्ये येथील १४४ लेख प्रसिद्ध केले. आर. नरसिंहाचार यांच्या १९२३ च्या सुधारित आवृत्तीत ही संख्या ५०० वर गेली, आणि म्हैसूर विद्यापीठाच्या १९७३ च्या आवृत्तीत ती ५७३ झाली. मराठीच्या इतिहासात गाजलेल्या दोन ओळी म्हणजे या ५७३ मधील दोन नोंदी. हे प्रमाण ध्यानात ठेवले, तर पुढील विवेचनाला आपोआप मर्यादा येते.

काळाच्या क्रमाने पाहता आधी चढावी लागते ती लहान टेकडी. तिचे जुने नाव कटवप्र, कन्नडात कळ्वप्पु. सातव्या-आठव्या शतकापासून जैन मुनी, आर्यिका आणि पुढे गृहस्थही सल्लेखनाव्रताने देह ठेवण्यासाठी येथे येत. टेकडीच्या उघड्या खडकावर त्यांच्या मरणाच्या नोंदी आहेत. कोणी किती दिवस अन्नत्याग केला, कोणत्या गुरूचा शिष्य, एवढाच बहुतेकांचा मजकूर. माथ्यावरची मंदिरे एका तटाच्या आत आहेत. हा तट युद्धासाठी नसला, तरी खालून पाहणाऱ्याला एखाद्या लहानशा गढीचा भास होतो.

याच टेकडीवर भद्रबाहूची गुहा आहे. मोठ्या शिळांखाली निसर्गतः तयार झालेला हा आडोसा असून आत पादचिन्हे पूजिली जातात. उत्तरेत बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे जाणून श्रुतकेवली भद्रबाहू संघासह दक्षिणेत आले, त्यांच्यासोबत राज्यत्याग केलेला चंद्रगुप्त मौर्य होता आणि गुरूच्या अखेरच्या दिवसांत त्याने या गुहेत त्यांची सेवा केली, अशी परंपरा आहे. मात्र याच टेकडीवरील सर्वांत जुना, सुमारे इ. स. ६०० चा संस्कृत लेख जरा वेगळे सांगतो. त्यात उज्जयिनीत दुष्काळाचे भाकीत करणारे भद्रबाहू आहेत, दक्षिणेकडे निघालेला संघ आहे; परंतु कटवप्रावर देह ठेवणाऱ्या आचार्याचे नाव प्रभाचंद्र आहे. पुढील परंपरेने या प्रभाचंद्राला चंद्रगुप्त मानले. ९३१ मध्ये हरिषेणाने रचलेल्या बृहत्कथाकोशात तर भद्रबाहू दक्षिणेत येतच नाहीत. संघाला घेऊन येतो तो दीक्षित चंद्रगुप्त, विशाखाचार्य या नावाने. एकाच घटनेच्या या तीन कथनांपैकी कोणते ‘खरे’, हे ठरवण्याची घाई इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून दिसते ते असे, की उत्तरेकडून कोणीतरी आले ही स्मृती या स्थळाचा पाया आहे. बेळगोळ स्वतःची ओळख सांगते ती परप्रांतीयांच्या आगमनाची कथा सांगून. तेव्हा येथे परक्या भाषेतील ओळ आढळावी यात अपवादात्मक असे काही नाही.

ही कथा पुढे दगडातही उतरली. गुहेपासून जवळच असलेल्या चंद्रगुप्त बसदीत दगडी जाळ्या असून त्यांवर भद्रबाहू व चंद्रगुप्त यांच्या चरित्रातील सुमारे ९० प्रसंग कोरले आहेत. त्यांवर दासोज या शिल्पकाराचे नाव आहे. हे नाव येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण समोरच्या टेकडीवरच्या ५७ फुटी मूर्तीच्या पायांशी शिल्पकाराचे नाव नाही.

मोठ्या टेकडीकडे वळण्यापूर्वी चिक्कबेट्टावरील आणखी एका मृत्यूचा उल्लेख करणे भाग आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा नातू इंद्र (चौथा) याने ९८२ मध्ये येथेच सल्लेखना घेतली, असे येथील लेख सांगतो. त्याला मान्यखेटच्या गादीवर बसविण्याचा प्रयत्न ज्याने केला, तो त्याचा मामा गंग राजा मारसिंह; त्याचे स्मारकही याच टेकडीवर, कूगे ब्रह्मदेव स्तंभाच्या रूपाने उभे आहे. वेरूळच्या लेण्यांपासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या एका साम्राज्याचा शेवटचा वारस मूर्ती घडत असण्याच्या सुमारास समोरच्या टेकडीवर निवर्तला. ‘महाराष्ट्र’ आणि ‘कर्नाटक’ या आजच्या राजकीय कल्पना घेऊन दहाव्या शतकातील या प्रदेशाकडे पाहिले, की मराठी ओळ ‘एवढ्या लांब’ कशी गेली असे आश्चर्य वाटते. राष्ट्रकूटांच्या काळातील माणसाला ते वाटले नसते. नवव्या शतकातील कविराजमार्ग हा ग्रंथ कन्नडची भूमी कावेरीपासून गोदावरीपर्यंत मानतो, आणि गोदावरीच्या काठी पुढे मराठीचे आद्य ग्रंथ लिहिले गेले. दोन भाषांचे प्रदेश एकमेकांवर अंथरलेले होते.

दोड्डबेट्टावरील मूर्ती गंग राजा राचमल्ल (चौथा) याचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने घडविली. तो स्वतः लेखक होता. त्याचे कन्नड गद्यातील पुराण ९७८ मधील आहे आणि त्यात मूर्तीचा उल्लेख नाही, तर रन्नाच्या ९९३ मधील अजितपुराणात तो येतो. त्यामुळे मूर्तीचा काळ या दोन वर्षांच्या मध्ये ठरतो; ९८१ किंवा ९८३ ही रूढ वर्षे त्यातूनच आली आहेत. १९८१ मध्ये मूर्तीची सहस्राब्दी साजरी झाली. पायाशी असलेल्या ओळींवर मात्र कोणताही शक नाही. मराठी ग्रंथांतील ‘शके ९०५’ हा मूर्तीच्या अनुमित काळावरून ओळीला चिकटलेला अंक आहे.

ओळी अशा आहेत : मूर्तीच्या पायांच्या दोन्ही बाजूंस दगडात वारुळे कोरलेली आहेत. एका बाजूस कन्नडमध्ये ‘श्रीचावुण्डराजं माडिसिदं’ आणि त्याच अर्थाची तमिळ ओळ. तमिळ ओळीत राजाचे नाव ग्रंथ लिपीत, तर क्रियापद वट्टेळुत्तु लिपीत. दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत एकाखाली एक दोन मराठी ओळी : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. गंगराजाची कन्नड ओळ स्वतंत्रपणे आहे, तमिळ नाही. छापील ग्रंथांत चावुंडराजाच्या तीन भाषांतील तीन ओळी एकत्र छापल्या जातात व त्यांना ‘त्रैभाषिक लेख’ म्हटले जाते. दगडावर मात्र मराठी ओळीची जोडी कन्नड-तमिळ ओळींशी नसून दुसऱ्या मराठी ओळीशी आहे. हा भेद वरवर किरकोळ वाटला, तरी काळनिर्णयाचा सगळा वाद त्यात साठलेला आहे.

वादाकडे वळण्याआधी ओळींची भाषा पाहू. या तीन ओळी एकमेकींचे अनुवाद मानल्या जातात, पण त्यांची घडण एक नाही. कन्नड ‘चावुण्डराजं’ ही प्रथमा आहे आणि ‘माडिसिदं’ हे क्रियापद त्या पुरुषाचे लिंग-वचन धारण करते : चावुंडराजाने नव्हे, तर ‘चावुंडराज करविता झाला’. तमिळचेही तसेच. मराठीत ‘राजें’ ही तृतीया आहे आणि ‘करवियलें’ हे नपुंसकलिंगी रूप कर्त्याकडे पाहतच नाही. कर्ता पुल्लिंगी असूनही क्रियापद घडविलेल्या वस्तूच्या बाजूने उभे राहते, आणि ती वस्तू वाक्यात नाही. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, डोक्याच्या कितीतरी वर उभी आहे. हा कर्मणी प्रयोग मराठीचा स्वतःचा, प्राकृतातून आलेला वारसा आहे. ज्याने ही ओळ लिहिली त्याने कन्नड वाक्य शब्दशः उचलून नागरीत ठेवले नाही. कन्नडचा ‘राजं’ आणि मराठीचा ‘राजें’ यांत नागरीत लिहिताना एका मात्रेचाच फरक दिसतो. पण त्या मात्रेच्या दोन बाजूंना दोन भाषाकुलांची वाक्यरचना आहे. तिन्ही ओळींत समान आहे ते प्रयोजक : माडिसु, सेय्वि, करव. तिन्ही भाषांना आश्रयदात्याची भूमिका सांगण्यासाठी आपापले प्रयोजक रूप तयार सापडले.

नावाच्या रूपाबाबत एक सावधगिरी हवी. तमिळ ओळीत ‘चामुण्ड’ आहे, मराठीत ‘चावुण्ड’. त्यावरून मराठी लेखकाने कन्नड रूप स्वीकारले असे म्हणता येईल. परंतु ‘म’चा ‘व’ होणे ही मराठीचीही जुनी प्रवृत्ती आहे. ग्रामचे गाव आणि नामचे नाव याच रीतीने झाले. दोन भाषांची प्रवृत्ती येथे योगायोगाने एक होते, आणि अशा ठिकाणी ऋणाचा हिशेब मांडणे व्यर्थ असते.

दुसऱ्या ओळीत मात्र ऋण उघड आहे. ‘सुत्ताले’ म्हणजे ‘सुत्तालय’, मूर्तीभोवतीचा परिसर बंदिस्त करणारी ओवरी. ‘सुत्तु’ हे कन्नड क्रियापद, अर्थ वेढणे, ‘आलय’ संस्कृत. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांतील हे नाम कन्नडमधून आलेले आहे. होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने सुमारे १११७ मध्ये हा सुत्तालय बांधविला. त्याने त्याआधी चोळांचा पराभव करून तलकाड घेतले होते. राजाकडून बक्षीस मिळालेले गोविंदवाडी गाव त्याने गोमटेश्वराच्या पूजेसाठी दिले. लढाईनंतर लगेच उभारलेली ही वास्तू आहे. त्याच्या ओळीला तमिळ जोड नसण्याचा संबंध या विजयाशी लावण्याचा मोह होतो, पण एका अनुपस्थितीवर एवढा भार टाकू नये.

देणगीदाराने मूर्तीच्या पायाशी नाव कोरण्याची रीत भारतापुरती नाही. दक्षिण ग्रीसमध्ये, ऑलिंपिया येथील झ्यूसच्या महाकाय मूर्तीच्या पायांखाली ती फिडियासने, अथेन्सच्या खार्मिडीसच्या मुलाने घडविली अशी ओळ होती, हे दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसानियास याने नोंदवून ठेवले. पेलोपोनीसमधील गावे, तट आणि गुहा पायी हिंडताना हा लेखक समोरचा लेख वाचत असे आणि स्थानिक वाटाडे सांगत ती कथाही ऐकून घेत असे. आर्गोसच्या वाटाड्यांविषयी तर त्याने लिहिले आहे, की आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना ठाऊक असूनही ते तेच सांगत राहतात. भद्रबाहूच्या गुहेत परंपरा आणि लेख यांच्यामध्ये उभ्या असलेल्या वाचकाला हा जुना ग्रीक सहप्रवासी परका वाटणार नाही. ऑलिंपियाच्या ओळीत नाव होते ‘घडविणाऱ्याचे’. बेळगोळच्या ओळींत आहे ‘घडवून घेणाऱ्याचे’. ऑलिंपियाची मूर्ती नष्ट झाली, शिल्पकाराचे नाव उरले. बेळगोळला मूर्ती उभी आहे, हात कोणाचे होते ते या ओळी सांगत नाहीत. येथे सन्मान क्रियेचा नसून प्रयोजकाचा आहे, आणि तोही तीन व्याकरणांत.

आता काळनिर्णय. दोन्ही मराठी ओळी एकाखाली एक आहेत आणि त्यांच्या अक्षरांची वळणे सारखी आहेत. म्हणून त्या एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या काळी कोरल्या गेल्या असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे मत स्वीकारण्याकडेच पुराव्याचा कल आहे. त्याविरुद्ध एक आक्षेप घेता येतो : चावुंडराजाचे नाव कन्नड व तमिळमध्ये आधीच कोरलेले असताना गंगराजाच्या माणसांनी सव्वाशे वर्षांनंतर ते मराठीत पुन्हा का कोरावे? याचे उत्तर दोन ओळींच्या जोडीतच आहे. भोवताली नवी वास्तू उभी राहिल्यानंतर मूर्ती एकाची आणि वेढा दुसऱ्याचा हे सांगणे आवश्यक झाले. कन्नड वाचकाला ते जुन्या आणि नव्या कन्नड ओळींवरून कळत होते. नागरी वाचणाऱ्याला नुसती ‘गंगराजे सुत्ताले’ ही ओळ दिली असती, तर मूर्ती कोणाची हे अनुत्तरित राहिले असते. म्हणून त्याच्यासाठी दोन्ही ओळी लागल्या.

असे मानल्यास मराठीच्या प्राचीनतेतून १३४ वर्षे वजा होतात, आणि येथेच हा विषय कोरड्या पुरालिपिशास्त्राबाहेर पडतो. ‘आद्य’ हा मान मग अन्यत्र जातो. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचा काळ शके ९३४ (इ. स. १०१२) वाचला गेला आहे, पण तोही वाचनभेदामुळे निर्विवाद नाही, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलच्या लेखात शके ९४० (इ. स. १०१८) आहे. तमिळला २००४, कन्नडला २००८ आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या तिन्ही भाषा आता एकाच यादीत आहेत. वयाच्या पुराव्याची निकड त्यामुळे कमी व्हावी. तरीही पाठ्यपुस्तकी ९०५ हा आकडा सहजी सुटेल असे नाही. वस्तुतः १११७ हा काळ मराठीला अधिक काही देतो. ९८३ मधील एकाकी ओळ ही केवळ भाषेच्या अस्तित्वाची साक्ष ठरते. १११७ मधील जोडओळ वाचकवर्गाची साक्ष ठरते. होयसळ सेनापतीला नागरी लिपीतील मराठी वाचकांची दखल घ्यावीशी वाटली, एवढ्या संख्येने किंवा एवढ्या प्रतिष्ठेने ते तेथे येत होते. विवेकसिंधूच्या ११८८ या रूढ काळाच्या ७१ वर्षे आधी ग्रंथ नसलेल्या, पण वाचणाऱ्या मराठी समाजाचा हा उल्लेख आहे. हा समाज जैन यात्रेकरूंचा असणार; मात्र मराठीत जैन ग्रंथरचना दिसू लागते ती पुढे पंधराव्या शतकात, गुणदासाच्या श्रेणिकचरित्रापासून. वाचक आधी आणि लेखक तीनशे वर्षांनी, असा हा उलटा क्रम आहे.

त्या वाचकांचा एक अप्रत्यक्ष माग मूर्तीच्या नावातही लागतो. ‘गोम्मट’ हा शब्द कन्नडमध्ये कोठून आला यावर पुष्कळ लिहिले गेले. मंजेश्वर गोविंद पै यांनी तो ‘मन्मथ’ शब्दाच्या तद्भव रूपापासून साधला. आ. ने. उपाध्ये यांनी मराठीतील ‘गोमटा’, म्हणजे सुंदर, या शब्दाशी तो जोडला आणि गोम्मट हे चावुंडरायाचेच घरगुती नाव असावे, त्यावरून ‘गोम्मटाचा ईश्वर’ असे मूर्तीचे नाव पडले असावे, असे सुचविले. कोल्हापूरला आयुष्य घालवून अखेरची वर्षे म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत शिकविणाऱ्या या विद्वानाला दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या होत्या. हे मत मराठीच्या अभिमानातून आलेले नाही, हे त्यामुळे विश्वासाने म्हणता येते. ते मान्य केल्यास मराठीने बेळगोळकडून ‘सुत्ताले’ घेतले आणि बेळगोळला त्याच्या देवाचे नाव दिले.

चावुंडरायाचे स्वतःचे निवेदनही या टेकडीवर होते. मूर्तीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यागद ब्रह्मदेव स्तंभ आहे. त्याच्या उत्तरेकडील बाजूवर चावुंडरायाच्या पराक्रमाची प्रशस्ती सुरू होते. मूर्तीचा शक, प्रसंग आणि कदाचित कारागिराचे नावही पुढील तीन बाजूंवर असण्याची शक्यता होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस हेग्गडे कण्ण नावाच्या गृहस्थाने त्या तिन्ही बाजू घासून पुसून टाकल्या. मोकळ्या झालेल्या दगडावर त्याने आपल्या नावाच्या जेमतेम अडीच ओळी कोरविल्या. बाकीचा दगड तसाच कोरा आहे.